आधाराचं झाड

एडिंबरात डिसेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
कपाट क्रमांक एकशे बारामधून
मी काढते एक वेल,
चपटी, तपकिरी, कागदाला सुती दोऱ्याने टाचलेली,
उणे तीसच्या थंडीत तीन दिवस राहून आलेली,
कीड मरावी म्हणून.

स्ट्रोफॅन्थस. आपल्या कण्हेरीच्या कुळातली.
नाव झाकलं असतं तरी नातं कळलं असतं :
पानं समोरासमोर, जोडीजोडीनं,
आणि देठ मोडला तिथे
चिकाचा थेंब, वाळून काचेसारखा झालेला.
इशबेल म्हणते, बोट तोंडात घालू नकोस हं.
मी हसते.
कण्हेरीच्या कुंपणाआड वाढलेल्या मुलीला
हे शिकवावं लागतं होय?

माझं काम वर्णन लिहायचं.
खोड काष्ठमय, इथे करंगळीएवढं.
सालीवर पांढुरके उठावदार ठिपके,
त्यांतून ती श्वास घेत असे.
'असे' खोडते. 'घेते' लिहिते.
वर्णनाला भूतकाळ चालत नाही.
पानांवर लव, दोन्ही अंगांनी,
वासराच्या जिभेसारखी खरखरीत.
तणावे नाहीत. काटे नाहीत.
चढायला फक्त स्वतःचं अंग.

आणि फूल.
पाच पाकळ्या, पण पाकळी संपते तिथे संपत नाही,
टोकाला शेपूट फुटतं, दोऱ्याएवढं, वीतभर लोंबतं.
कळीत असताना ही पाचही एकमेकींत वळलेली,
काथ्याची दोरी वळतात तशी.
नव्वद वर्षं दाबून ठेवलंय.
रंग गेला, वास तर वाटेतच गेला असेल, बोटीवर.
एक कळी उमलायची राहिली होती.
भिंगातून बघते :
सुंभ सुकला, पीळ तसाच.

शेंगा दोन, एकाच देठाला,
एकीचं तोंड पूर्वेला, एकीचं पश्चिमेला,
वाटणीवरून बोलणं टाकलेल्या बहिणी.
एक कागदावर मावली.
दुसरी उकललेली, तिच्या बिया पाकिटात.

पाकीट उघडलं मात्र,
हीटरच्या झुळकीवर एक बी उठलं.
लांबलचक दांडी, वर रेशमी पिसारा, खाली टोकदार दाणा.
म्हातारी!
ओरडलेच मी, भर कचेरीत, मराठीत.
इशबेलला अर्थ सांगितला,
तर ती दाराकडे बघायला लागली, कोण बाई आली म्हणून.

मग दोघी खुर्च्यांवर.
ती दिव्याला वळसा घालून छताशी,
नव्वद वर्षांनी पुन्हा उंचावर.
हिच्याच बियांचं विष बाणांना लावत,
तेच थेंब मोजून थकल्या काळजाला देत,
आणि आम्ही खाली ओंजळी पसरून,
दोन नोकरदार बायका,
श्वास सोडला तर दूर जाईल म्हणून श्वास धरून.
उतरली ती शेवटी माझ्या बाहीवर.
लोकरीला अडकली म्हणून. माझ्यासाठी नव्हे.

आता फक्त चिठ्ठी उतरवायची.
फिकट शाई, घाईचं अक्षर :
वेल, तीस फूट. फुलं पिवळी, आत जांभळ्या रेघा. नदीकाठ.
खाली साहेबाची सही.
साहेब तीस फूट चढला नसणार.
जो चढला, कोयता दातांत धरून की कमरेला खोचून,
त्याचं नाव नाही.
आणि ज्यावर चढला ते झाड?
वेल काय हवेला धरून वर गेली?

संगणकावर या दोन गोष्टींना चौकोनच नाही.
मी कागद उलटा करते, पेन्सिलीने लिहिते :
झाड होतं. माणूस होता.

इशबेलने पाहिलं.
मागे लिहायचं नसतं इथे, ती म्हणाली,
खण ओढला,
आणि एक कोरी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली,
पुढच्या बाजूला डकवायची,
डिंकासकट.